कावळा माणूस ओळखतो का? पक्ष्यांच्या बुद्धीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गच्चीवर पडलेलं कावळ्याचं पिल्लू मी उचलून कुंड्यांच्या आडोशाला ठेवलं. तेव्हापासून मी वर गेले की दोन कावळे माझ्याच डोक्यावर झडप घालतात. घरातल्या बाकी कुणाला काही करत नाहीत. ते मला खरंच ओळखतात? (ठाणे)

उत्तर : ओळखतात, तेही चेहऱ्यावरून. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांच्या गटाने २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि पायात कडी घालून सोडून दिले. पुढे तोच मुखवटा घालून आवारातून कुणीही गेलं की कावळे जमून कलकलाट करत. दुसरा मुखवटा घातलेल्याकडे मात्र ते फारसं लक्ष देत नसत. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. काही वर्षांत ओरडणारे कावळे पकडलेल्या सातांपेक्षा कितीतरी जास्त झाले. ज्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं, त्यांनीही इतरांचं पाहून ‘हा माणूस धोक्याचा’ एवढं उचललं होतं.

तुमचा हेतू चांगलाच होता, पण कावळ्यांनी पाहिलं ते एवढंच, की तुम्ही पिल्लाला हात लावलात. पिल्लू उडेपर्यंत गच्चीवर जाताना छत्री न्या. दगड भिरकावू नका, ओळख आणखी पक्की होईल. आणि पुढच्या वेळी पिसं फुटलेलं, पायांवर उभं राहणारं पिल्लू दिसलं तर त्याला तिथेच असू द्या. आईबाप जवळपासच असतात.

प्रश्न : पक्ष्यांच्या मेंदूत आपल्यासारखं कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) नसतं, असं आम्हाला शिकवलं. मग एवढ्याशा मेंदूत एवढी अक्कल मावते कशी? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : या समजुतीचं मूळ शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे. जर्मन मेंदूतज्ज्ञ लुडविग एडिंगर यांनी पक्ष्यांचा पुढचा मेंदू म्हणजे बहुतेक सगळा उपजत प्रेरणांचा भाग, असं ठरवलं आणि तशीच नावं रूढ झाली. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन ती नावं अधिकृतपणे बदलली, कारण तो भाग बव्हंशी पॅलियम, म्हणजे पुढच्या मेंदूचा वरचा, आवरणासारखा भाग निघाला. आपलं कॉर्टेक्सही पॅलियमचंच. फरक रचनेत आहे. आपल्या कॉर्टेक्समध्ये पेशींचे थर चपातीच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक असतात, तर पक्ष्यांत मुख्यतः पेशींचे पुंजके दिसतात. मात्र २०२० मध्ये कबुतर आणि घुबडाच्या मेंदूतले तंतू बारकाईने तपासले, तेव्हा त्यांची आडवी-उभी जोडणी कॉर्टेक्सची आठवण करून देणारी निघाली.

आता आकाराचं. २०१६ मध्ये २८ जातींच्या पक्ष्यांच्या चेतापेशी मोजल्या गेल्या. निळ्या-पिवळ्या मकाव या मोठ्या पोपटाचा मेंदू साधारण २० ग्रॅमचा, पण पॅलियममध्ये सुमारे १९० कोटी चेतापेशी. ऱ्हीसस माकडाचा मेंदू त्याच्या चौपट जड, आणि तिथे या पेशी सुमारे १७० कोटी. पक्ष्यांच्या पेशी लहान आणि दाटीने बसलेल्या असतात. त्यामुळे वजन वाढत नाही, आणि एका पेशीच्या निरोपाला दुसरीपर्यंत जायचं अंतरही कमी होतं. ही दाटी सगळ्या पक्ष्यांत सारखी नाही, हे मात्र लक्षात ठेवा. पोपट आणि गाणारे पक्षी (कावळे याच गटातले) वरचढ, कोंबडी बरीच मागे. परीक्षेत कुणी ‘पक्ष्यांचा मेंदू’ असं सरसकट विचारलं तर आधी ‘कोणत्या पक्ष्याचा?’ हे विचारायला हवं.

प्रश्न : मुलीला तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सांगितली. ‘खरंच असं करतो का?’ म्हणाली. काय सांगू? (नाशिक)

उत्तर : करू शकतो, म्हणून सांगा. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी रूक या कावळ्याच्या भाईबंदांपुढे अर्धवट भरलेली नळी ठेवली. पाण्यावर तरंगणारी अळी चोचीला पोहोचत नव्हती. त्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं, लहान खड्यांपेक्षा मोठे निवडायलाही ते शिकले. पुढे पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कावळ्यांना तळाशी लपवून जोडलेल्या नळ्या दिल्या. एकीत खडा टाकला की पाणी दुसरीत चढायचं. ते काही त्यांना उमगलं नाही. तिला हेही सांगा, आणि घरी पेल्यात खडे टाकून बघू द्या.

प्रश्न : कावळा इतका हुशार, तर कोकिळेचं अंडं कसं उबवतो? (पणजी)

उत्तर : हा माझा आवडता प्रश्न. युरोपातला एवढासा बोरू वटवट्या घरट्यात घातलेलं कुक्कू या कोकिळेच्या नातलगाचं अंडं पुष्कळदा ओळखून बाहेर टाकतो, आणि त्याचा मेंदू कावळ्याच्या मेंदूपुढे काहीच नाही. म्हणजे अंडं पारखणं हे वेगळं कसब आहे. कुक्कूचं पिल्लू यजमानाची सगळी अंडी ढकलून देतं, त्यामुळे वटवट्याचं सर्वस्व जातं. आपल्याकडच्या कोकिळेचं पिल्लू सहसा तसं करत नाही. ते दोन-तीन दिवस आधी फुटतं आणि कावळ्याच्या पिल्लांचा घास पळवतं, पण त्यांतलं एखाद-दुसरं पिल्लू जगू शकतं. शिवाय कोकिळेचं अंडं थोडं लहान असलं तरी रंगाने कावळ्याच्या अंड्यासारखंच दिसतं. संशयावरून चुकून स्वतःचंच अंडं फेकलं तर नुकसान नक्की.

आणि कावळा शत्रूला ओळखत नाही असं मुळीच नाही. घरट्याजवळ कोकीळ दिसला की तो त्याला पार झाडाबाहेर पिटाळतो. कावळा तिकडे गुंतला की कोकिळेची मादी घरट्यात शिरते. येत्या मे महिन्यात कावळ्याचं घरटं असलेलं झाड सकाळी थोडा वेळ पाहा, हा पाठलाग हमखास दिसेल.