पहिली .२२ रायफल घेताना

अरे, सेमी-ऑटोमॅटिकच, म्हणजे गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी, हवी म्हणतोस, पण पहिली रायफल साधी बोल्टचीच घे, दांडा हातानं मागेपुढे करून गोळी भरायची. बोल्ट ओढून पुढची गोळी भरेपर्यंत खांदा, गाल, श्वास पुन्हा जागेवर येतात. सेमी-ऑटोत ती उसंत नाही, नवखा दहा गोळ्या उधळून मोकळा होतो. ५० मीटरला निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं! शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते ५० मीटरलाच, एकेक गोळी हातानं भरून.

तरी सेमी-ऑटोच घेणार असशील तर मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढली म्हणजे रायफल रिकामी झाली असं कधी समजू नकोस. बोल्ट मागे अडकव आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी बघ. 'रिकामी' म्हणून माझ्या हातात दिलेल्या रायफलीतून एकदा पिवळंधमक काडतूस चटईवर पडलं होतं. अजून अंगावर काटा येतो.

.२२ च्या काडतुसाचा पेटता मसाला काठात असतो, पिन काठावरच आपटते. म्हणून रिकाम्या चेंबरवर उगाच ट्रिगर ओढू नकोस, चेंबरची कड ठेचते. काडतुसं दोन-तीन प्रकारची चालवून बघ. कमी ताकदीच्या काडतुसावर सेमी-ऑटो बऱ्याचदा अडकते.

आपल्या बेळगावच्या टिळकवाडीत पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. रायफल कापडी पिशवीत गुंडाळून ठेवलीस तर गंजलीच समज.

परवाना मिळेपर्यंत ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीवर हात बसव. तिला परवाना लागत नाही.