पावसाळ्यात कागदी मिग-२५

प्रश्न: मी मालवणचा, अकरावीत आहे. मिग-२५चं टेहळणीवालं कागदी मॉडेल १:७२ स्केलमध्ये करतोय, पण पावसात कागद मऊ पडून पंख झुकतात आणि नाकाचा कोन चुरगळतो. काय करू?

उत्तर: अरे, विमान एकदम मस्त निवडलंस! आपल्या हवाई दलाकडे हे १९८१ ते २००६ पर्यंत होतं, आणि याचे हवा घेणारे इनटेक चौकोनी असल्यामुळे कागदात सरळ घड्या घालून होतात. पंख थोडे खाली झुकलेले मूळ विमानातच आहेत, तेवढं ठेवच, पण लोंबायला नकोत. त्यासाठी माडाच्या झावळीचा सुका हीर घे, जाड टोक तासून सपाट कर, मधोमध किंचित वाकव आणि या पंखातून त्या पंखात बॉडीतून आरपार घाल. पंखांचा पसारा साडेअठरा सेंटीमीटरच्या आसपास येतो, एक हीर पुरतो.

प्रिंट लेझरचीच काढ, इंकजेटची शाई दमट हवेत पसरते. कापायच्या आधी क्लिअर लॅकरचा हलका हात मार, पूर्ण सुकू दे. फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकाने अगदी पातळ लाव, जास्त झाला की कागद ओला होऊन वाकडा होणारच.

नाकाचा कागद आधी तळहातावर ठेवून स्वेटरच्या सुईने हळूहळू गोल कर, मग जोडाला आतून बारीक पट्टी लाव. आणि टेहळणीवाल्या मिगचं नाक फायटरपेक्षा बारीक असतं, मोठा रडार नसतो ना, त्या जागी कॅमेरे. त्यांच्या खिडक्या खालच्या बाजूला काळ्या रंगव, प्लीज विसरू नकोस.