रोज चालते, तरी जिना चढताना मांड्या भरून येतात!

प्रश्न : मी 54 वर्षांची, सांगलीला शाळेत शिकवते. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. रोज सकाळी पाऊण तास चालते, खंड नाही. वजन 63 किलो, गेली दहा वर्षं तेवढंच आहे, तरी पोट सुटलंय, ब्लाउज दंडात सैल आणि कमरेशी घट्ट असा प्रकार झालाय. हळदीकुंकवाला खाली मांडी घालून बसले तर उठताना हात टेकावा लागतो, दोन जिने चढले की मांड्या भरून येतात. घरचे म्हणतात वय झालं, चालायचंच. खरंच चालायचंच का?

उत्तर : नाही ताई, असं सोडून द्यायचं नाही, अजिबात नाही.

तुमच्या पत्रातली दंड सैल नि कंबर घट्ट ही ओळ सगळं सांगून जाते. वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, त्यामुळे दहा वर्षांत स्नायू गेला आणि तेवढीच चरबी आली तरी काटा आपला 63 वरच. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातो, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होतं त्यामुळे पहिल्या पाच-सात वर्षांत हाडंही झपाट्याने विरळ होतात. म्हणजे तुम्ही आत्ता अगदी मोक्याच्या वर्षांत आहात, म्हणून एवढं जीव तोडून लिहितेय.

आधी एक टेस्ट घरीच करा. डायनिंग टेबलची बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, कुणाला तरी मोबाईलवर वेळ लावायला सांगा. आशियातल्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये जे निकष ठरवले त्यात 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी झालीय असं धरतात.

चालणं सोडू नका, हृदयाला, शुगरला, मनाला ते चांगलंच आहे. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूला फारसा जोर लावावा लागत नाही, आणि जोर लागल्याशिवाय स्नायू वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच सल्ल्यात आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम असंही आहे, ते कुणी वाचतच नाही.

तर दोन दिवस, मंगळवार-शुक्रवार म्हणा, चालायला अर्धा तास द्या आणि हे करा. त्याच खुर्चीसमोर उभं राहून मनात तीन आकडे मोजत हळूऽऽ खाली बसायचं, धपकन नाही, आणि टाचांवर जोर देऊन उठायचं, असं दहा वेळा, मग दम खाऊन परत दहा. खाली जातानाचा सावकाशपणा हाच खरा व्यायाम आहे, तिथेच सगळे घाई करतात. मग ओट्याच्या कडेवर हात ठेवून तिरकं उभं राहून दंड काढल्यासारखं, आणि ओटा धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. दहा सहज व्हायला लागले की पिशवीत दोन किलो तांदूळ घालून छातीशी धरून उठबस करा, मग तीन किलो. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, नाहीतर फक्त हालचाल झाली, व्यायाम नाही झाला.

आता जेवण. सकाळी चहा-खारी, डब्यात तीन पोळ्या नि फ्लॉवरची भाजी, रात्री वरणभात, बहुतेक घरात हेच असतं ना? त्या तीन पोळ्यांतून साधारण नऊ ग्रॅम प्रोटीन मिळतं, पातळ वरणाच्या वाटीतून चारेक. पन्नाशी-साठीनंतर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम घ्यावं असं बरेच तज्ज्ञ सांगतात, म्हणजे तुम्हाला दिवसाला 63 ते 75. महागडी पावडर लागतेच असं नाही, मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ, पिठलं, दही, पनीर, मूठभर फुटाणे-शेंगदाणे, अंडं चालत असेल तर दोन अंड्यांत बारा ग्रॅम, मासे खात असाल तर फारच उत्तम. प्रत्येक जेवणात थोडं थोडं घ्या, सगळं रात्रीवर ढकलू नका. आणि उपासाच्या साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, जे मिळतं ते दाण्याच्या कुटातून, तेव्हा कूट आणि दही सढळ हाताने!

प्रश्न : वय 68, नाशिक. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. दोन्ही गुडघ्यांची झीज सांगितलीय. नातू जिमला चला म्हणतो, सोसायटीतले म्हणतात गुडघे जपा, फक्त दहा हजार पावलं चाला. या वयात ताकद वाढते का?

उत्तर : वाढते काका. 1990 साली अमेरिकेत बोस्टनला वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या लोकांना आठ आठवडे देखरेखीखाली मांडीचा वजनाचा व्यायाम दिला, ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची पायातली ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. तुम्ही तर अजून तरुण!

झीज झालेल्या गुडघ्याला आधार मांडीचा स्नायूच देतो, म्हणून गुडघा जपायचा म्हणजे नुसतं बसून राहायचं नाही. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे धरून ठेवायचा, सावकाश खाली, इथून सुरुवात करा. थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा दुखणं वाढलेलं राहिलं तर कमी करा. दहा हजाराचा आकडा 1965 च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना आला, त्याच्यासाठी गुडघ्यांना त्रास देऊ नका, जमतील तेवढी पावलं चाला.

जिमला जाण्याआधी डॉक्टरांना विचाराच. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, त्याने बीपी एकदम चढतं, जोर लावताना श्वास सोडायचा. शुगरच्या काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनने व्यायामानंतर शुगर खाली येते, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. छातीत दाटून आलं की लगेच थांबायचं आणि दाखवायचं. किडनीचा त्रास असेल तर वरचं प्रोटीनचं गणित तुमच्यासाठी नाही, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : आई 76 वर्षांची, बाथरूममध्ये घसरली. फ्रॅक्चर नाही, पण आता भीतीने उठतच नाही, आम्ही सगळं हातात देतो. बरोबर करतोय का?

उत्तर : प्रेमाने करताय हे कळतं, पण यानेच ती परत पडेल. बसून राहिलं की या वयात ताकद फार लवकर जाते. पाणी तिचं तिला आणू दे, तुम्ही फक्त बाजूला राहा. ओटा धरून एका पायावर दहा आकडे उभं राहणं, मग दुसऱ्या, रोज करून घ्या, तोल सरावाने सुधारतो.

बाथरूममध्ये भिंतीत पक्का बार बसवा, टॉवेलचा रॉड आधार नाही. रात्री पॅसेजमध्ये लाइट ठेवा, सरकणारी पायपुसणी काढा, गाऊन घोट्याच्या वर हवा. मोतीबिंदू तपासा. तिच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी उठल्यावर चक्कर येऊ शकते, बीपी झोपून आणि उभं राहून असं दोन्ही मोजायला सांगा. बी-12 आणि डी जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करा, हाडांची डेक्सा टेस्टही विचारा. फक्त ती 60,000 युनिटची डी ची पुडी केमिस्टकडून आपल्या मनाने वर्षानुवर्षं देत राहू नका, किती आठवडे आणि मग काय, हे लिहून घ्या.