अनुभव कमी असताना मुलाखतीत स्वतःला कसं मांडावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही रावेर तालुक्यातले, बी.कॉम. झालंय, एका सीएंच्या ऑफिसात चार महिने काम केलंय आणि पुढच्या आठवड्यात जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये अकाउंट असिस्टंटसाठी मुलाखत आहे. जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागितलाय, म्हणून धाकधूक होतेय. मी जळगावातच एका कारखान्याचं अकाउंट खातं सांभाळते आणि याच पदासाठी मुलाखती घेते. समोर बसलेल्या माणसात आम्ही काय शोधतो, ते सांगते.

आधी दोन वर्षांची भीती काढून टाका. सगळं अगदी पहिल्यापासून शिकवावं लागू नये, एवढ्यासाठीच ती ओळ जाहिरातीत असते. तुमचे चार महिने बायोडेटावर लिहिलेले होते आणि ते वाचूनच तुम्हाला बोलावलंय. तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या "सर, मला अनुभव फारसा नाही, पण मी मेहनती आहे" हे वाक्य बोलू नका. आपल्याकडची चांगली मुलं याच वाक्याने सुरुवात करतात आणि पुढची दहा मिनिटं त्या वाक्याखाली दबून जातात. ते ऐकताना मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा त्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं.

नोकरी मिळते ती दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर. पहिला प्रश्न सगळ्यांना सारखाच असतो: "काय काम केलं?" त्यावर "जीएसटीचं काम केलं, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं" हे सगळेच सांगतात. मग मी विचारते, "म्हणजे नेमकं काय करायचात?" इथे काम केलेला आणि नुसता बसून आलेला, दोघं वेगळे पडतात. तुमच्या चार महिन्यांबद्दल असं काही सांगता आलं पाहिजे: "दुकानदारांची खरेदी बिलं टॅलीत टाकायचो. १४ तारखेला जीएसटीआर-२बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी) आलं की खरेदीशी जुळवायचो. जी बिलं २बीत दिसत नव्हती त्यांची वेगळी यादी करून सप्लायरला फोन लावायचो, कारण २० तारखेच्या ३बीत (महिन्याच्या जीएसटी रिटर्नमध्ये) तेवढी क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकायची." यात एकही मोठा शब्द नाही, पण ऐकणाऱ्याला कळतं की हा हात कामात बुडालेला आहे. तुम्ही जे केलं असेल तेच सांगा, फक्त इतक्या बारकाईने सांगा. न केलेलं घुसडू नका, तिसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं. आणि त्या ऑफिसातल्या पक्षकारांची नावं किंवा त्यांची उलाढाल चुकूनही बोलू नका. जो तिथलं इथे सांगतो तो उद्या आमचं बाहेर सांगेल, हे मनात येतंच.

आता घरच्या कामाबद्दल. प्रश्नात तुम्ही ओझरतं लिहिलंय की घरी केळी आहे आणि हिशेब तुम्हीच बघता. भाऊ, ही ओझरती सांगायची गोष्ट नाही! मागे यावल तालुक्यातली एक मुलगी आली होती, नुकती पदवी झालेली, कुठेच नोकरी न केलेली. "घरी काय करता?" म्हटलं तर म्हणाली, "काही नाही, शेतीच आहे." मी विचारलं, केळी कापणीच्या दिवशी वही कोण लिहितं? मग ती बोलायला लागली. घड किती कापले, गाडीत किती भरले, काट्यावर वजन किती भरलं. नवती, पिलबाग, वापसी या केळीच्या प्रकारांचे भाव वेगवेगळे, म्हणून प्रत्येकाचं वजन वेगळं लिहायचं. कापणाऱ्यांची मजुरी, त्यातून आधी दिलेली उचल वजा. व्यापाऱ्याचे पैसे तुकड्यातुकड्यांनी येतात, म्हणून त्याचं पान वेगळं. एकदा व्यापाऱ्याच्या पावतीत आणि तिच्या वहीत वजनाचा फरक आला, तर तिने काट्याची पावती दाखवून तो सोडवून घेतला होता. म्हणजे स्टॉक रजिस्टर, मजुरी पत्रक, अॅडव्हान्सची वजावट, पार्टी लेजर आणि जुळवणी, सगळं ती करत होती. तिला आम्ही घेतलं आणि माझ्या खात्यात कच्च्या मालाची नोंद आज तीच बघते.

तुमच्याकडेही अशी वही असेल तर तिची दोन-चार पानं नीट आठवून जा. "शेतीचा हिशेब बघतो" एवढ्यावर थांबू नका. एक गाडी धरा आणि कापणीपासून पैसे हातात येईपर्यंत तिचा हिशेब सांगा. डाळ मिलमध्ये वेगळं काय असतं? तुरीची गाडी येते, काटा होतो, ओल बघतात, आडत-हमाली लागते, डाळीचा उतारा (तुरीतून डाळ किती निघाली तो हिशेब) निघतो, चुनी (डाळीचा चुरा) आणि टरफल वेगळं विकलं जातं. तुमच्या ओळखीचंच काम आहे, फक्त माल बदलला.

मुलाखतीआधी एक काम नक्की करा. किराणा दुकानात जाऊन त्या मिलची डाळ कशात येते ते बघा: एक किलोचं पाकीट, पाच किलो, की तीस किलोचं पोतं. याचा थेट संबंध तुमच्या कामाशी आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, आणि त्याहून मोठं पोतं किंवा सुटी डाळ करमुक्त राहिली. मिल दोन्ही विकत असेल तर खरेदीवरची सगळी क्रेडिट तिला ठेवता येत नाही, सामाईक खर्चावरची क्रेडिट करमुक्त विक्रीच्या प्रमाणात परत करावी लागते. नवीन माणसाने "तुमच्याकडे दोन्ही प्रकारचा माल जातो, तर क्रेडिटची विभागणी कशी करता?" एवढं विचारलं तरी मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघेन. ई-वे बिलाचंही (माल गाडीतून पाठवताना काढायचं ऑनलाइन बिल) वाचून ठेवा: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाच्या किमतीची मर्यादा १ लाखाची आहे, राज्याबाहेर ५० हजारांची, आणि रावेरहून मध्य प्रदेश किती जवळ आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

न येणारा प्रश्न आला तर सरळ सांगा, "हे मी केलेलं नाही. मला करायचं असेल तर आधी मागच्या महिन्याची एंट्री काढून बघेन आणि मग विचारेन." नुसतं "शिकून घेईन" पेक्षा हे कितीतरी बरं.

भाषेची काळजी सोडा. आपली लेवा बोली थोडी डोकावली तर बिघडत नाही, जळगावच्या व्यापारात मराठी, हिंदी, मारवाडी सगळं चालतं. इंग्रजीत पाठ केलेली ओळख मात्र नको, दुसऱ्याच वाक्याला अडखळायला होतं.

पगार विचारला तर "तुम्ही द्याल तो" म्हणू नका. जळगावात याच कामाला काय मिळतं ते मित्रांकडून काढून ठेवा आणि एक आकडा सांगा. सांगितलेला पगार हातात येणारा की पीएफ कापायच्या आधीचा, हे तिथेच विचारून घ्या. त्यात कमीपणा नाही, अकाउंटच्या माणसाने विचारलंच पाहिजे.

आणि उरलेल्या दिवसांत रोज तासभर टॅलीवर बसा: खरेदी, विक्री, डेबिट नोट, बँक जुळवणी. बऱ्याच ठिकाणी बोलणं झाल्यावर संगणकापुढे बसवून चार बिलं टाकायला सांगतात. आम्ही तरी सांगतोच.