फुप्फुसांसाठी ‘ताकदीच्या’ कॅप्सूल?

प्रश्न : आई 64 वर्षांची. विडी-सिगारेट कधी नाही, पण जन्मभर चुलीपुढे बसली. सीओपीडीचं (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागते तो फुप्फुसांचा जुनाट आजार) निदान झालंय, पंप सुरू आहे. आता माझा भाऊ ‘फुप्फुसांतल्या मायटोकॉन्ड्रियाला ताकद देणाऱ्या’ महागड्या कॅप्सूल घेऊन आलाय. द्याव्यात का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : नकोत. सीओपीडीच्या उपचारांत अशा कॅप्सूलना जागा नाही. भावावर मात्र चिडू नका, त्याने ऐकलंय त्यात तथ्य आहे.

मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, पेशीला ऊर्जा पुरवतात. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस कफ वर ढकलतात ते त्याच ऊर्जेवर. धुराने तंतुकणिका बिघडल्या की ऊर्जा घटते आणि पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू जास्त सुटतात. निकामी तंतुकणिका पेशी स्वतःच मोडीत काढते; वय वाढलं की हे काम रेंगाळतं. फुप्फुसं कडक होतात त्या आयपीएफ या आजारात, या सफाईला लागणारं ‘पिंक-1’ प्रथिन वायुकोशांच्या पेशींत कमी असल्याचं 2015 मध्ये दिसलं. सीओपीडीत चित्र इतकं सरळ नाही. शिवाय पंचविशी-तिशीनंतर, पहिल्या सेकंदात जोरात फुंकता येणारी हवा निरोगी माणसातही वर्षाला 25-30 मिलिलिटर कमी होतेच.

मला काळजी आहे ती आईंच्या मांड्यांची. ‘बसून असले की बरं वाटतं हो डॉक्टर,’ असं माझ्या ओपीडीत बायका सांगतात, आणि मग बसूनच राहतात. सीओपीडीत मांडीच्या स्नायूंतल्या तंतुकणिका कमी होतात. मग न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागते. या तंतुकणिका वाढवायचा खात्रीचा उपाय व्यायामच. तेवढ्याने फुप्फुसं पूर्ववत होणार नाहीत, पण त्याच फुप्फुसांवर आई जास्त चालू शकतील.

आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापत असेल (गॅस आलेल्या घरांतही तापतं!) तर कॅप्सूलचे पैसे हीटरला घाला.

डॉक्टरांना विचारून, ऑक्सिजन तपासून सुरुवात करा. त्यांनी चालण्याआधी घ्यायचा पंप दिला असेल तर तो घेऊन सपाट रस्त्यावर चालायचं, दमल्यावर थांबून ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. घरी खुर्चीतून हात न टेकता उठबस. बोलता येईल इतपत धाप चालेल. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ओठ निळसर दिसले तर तिथेच थांबून लगेच दवाखाना गाठायचा.