माल्टाचं इंग्रजी कच्चं नसतं

पावसाळा सरला की माझ्याकडे समुपदेशनाला एकाच तऱ्हेची मुलं येऊ लागतात. कॉलेजात एमयूएनला नाव दिलेलं असतं, पैसे भरलेले असतात आणि आता पोटात गोळा आलेला असतो. "मॅडम, माझं मराठी मीडियम. तिथे सगळे फाडफाड बोलतात. माझं हसं होईल." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

एमयूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटूची सभा. प्रत्येकाला एक देश मिळतो. त्याच्या नावाची पाटी उंच करायची, अध्यक्षांनी पुकारलं की मिनिट-दीड मिनिट बोलायचं, मग गट जमवून ठराव लिहायचा, त्यावर मतदान. मांडायचं ते त्या देशाचं धोरण. स्वतःचं मत घरी ठेवून यायचं.

ओंकार (नाव बदललंय) अकरावीतला, भोरकडचा, धायरीला आत्याकडे राहणारा. आत्याच घेऊन आल्या. त्याच्या समितीचा विषय होता खोल समुद्रतळावरचं खाणकाम, आणि देश मिळाला होता माल्टा.

"बाकीच्यांना अमेरिका, चीन. मला माल्टा. गप्प बस म्हणून सांगितल्यासारखंच ना?"

अल्बर्ट एलिस हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ; 'असंच झालं पाहिजे' या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्हा एलिसपंथीयांचा कान एका अक्षराला सोकावलेला असतो: 'च'. इंग्रजी अस्खलित आलंच पाहिजे, एकही चूक व्हायलाच नको. अशी वाक्यं त्याच्याकडून लिहून घेतली आणि प्रत्येकातला 'च' खोडायला लावला. बरं वाटतंय म्हणाला, पण ते माझं मन राखायला. मग त्याला अप्पा बळवंत चौकात पाठवलं: दुकानात जायचं आणि इंग्रजीतून, मुद्दाम चुकत, पुस्तक मागायचं. परत आला तो तोंड पाडून. "ते म्हणाले, मराठीत बोल, मागे लोक थांबलेत." हसलं मात्र कोणी नव्हतं. पुण्यातल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडे बघून हसायला सवड असते कुठे!

चौथ्या भेटीत मीच थोडी दमले होते. सहज विचारलं, "बरं, तुझा माल्टा आहे तरी कसा?"

तो खुर्चीत पुढे सरकला. "पुणे महापालिकेच्या हद्दीपेक्षा लहान देश आहे मॅडम. १९६४ ला स्वतंत्र झाला. आणि तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, त्यांचे राजदूत आर्विड पार्डो संयुक्त राष्ट्रांत उभे राहून म्हणाले, की समुद्राचा तळ कुणा एका देशाचा नाही, तो सगळ्या मानवजातीचा वारसा आहे. ते तत्त्व पुढे १९८२ च्या सागरी कायद्यात आलं. म्हणजे आमच्या समितीचा विषयच माल्टाने..." तो थांबला. "मी फार बोललो का?"

"सात मिनिटं. एकदाही अडखळला नाहीस."

"मराठीत बोललो ना."

"मराठीत होतं म्हणून? वर्गात मराठीत उत्तर देताना तुझे पाय लटपटतात, पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस."

बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग तो हळूच म्हणाला, "आमच्या नियमांत 'आय' म्हणायला बंदी आहे. 'द डेलिगेट ऑफ माल्टा' असंच म्हणायचं."

अशा जागी तोंड बंद ठेवायला मला वीस वर्षं लागली आहेत. त्या दिवशी मात्र राहवलं नाही. "मग इंग्रजी कच्चं कोणाचं? माल्टाचं?"

"माल्टात इंग्रजी राजभाषा आहे मॅडम," असं म्हणून तो हसत सुटला.

इतकी वर्षं मी 'च' खोडत बसले होते. या मुलाने 'मी'च बाजूला ठेवला. बोलायची भीती म्हणतो ती बहुतेक वेळा 'मी कसा दिसेन' याची असते. सांगण्यासारखं काही हाती आलं की लक्ष तिकडे जातं. म्हणून हल्ली या मुलांना मी उच्चारांचे व्हिडिओ बघू नका म्हणते. आपल्या देशाविषयी समितीत कुणालाच ठाऊक नसेल अशी एक गोष्ट शोधा. पाटी लवकर उंच करा, ताटकळण्यात भीती दुप्पट होते. पहिलं वाक्य तेवढं पाठ असू द्या. जागा सोडून गटागटाने बोलायची वेळ येते तेव्हा कागद-पेन आपल्या हातात घ्या. मसुदा लिहिणाऱ्याला सगळे विचारतात. पालकांनो, खऱ्या संयुक्त राष्ट्रांत सहा अधिकृत भाषा आहेत आणि दुभाषे बसलेले असतात. १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी तिथे हिंदीत बोलले, आणि हिंदी त्या सहांत नाही. परदेशी प्रवेशाच्या अर्जावर एक ओळ वाढावी म्हणून मुलाला ढकलणार असाल, तर कृपा करून ढकलू नका.

ओंकार नव्वदपैकी पन्नासेक सेकंद बोलला. मधलं एक वाक्य विसरला. बक्षीस वगैरे नाही. मसुद्यात त्याचं एक कलम राहिलं.

पुढच्या आठवड्यात आत्यांचा फोन आला. भांडी घासायला सांगितली तर म्हणतो, धायरीच्या प्रतिनिधीचा याला विरोध आहे. तो ठराव आत्यांनी एकमताने फेटाळला.