वर्षाला दहा फेऱ्यांसाठी २९ लाखांची पिकअप?

प्रश्न : कोथरूडला राहतो, वय ४४. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ७० हजार. घराचा हप्ता ४८ हजार, एसआयपी २० हजार. मुलगी नववीत, आई आमच्याकडेच. वेल्ह्याला दोन एकर आहे. रोपं, खत, पाइप न्यायला वर्षातून दहाएक वेळा छोटा हत्ती करतो, फेरीला साडेतीन हजार पडतात. जुनी हॅचबॅक काढून डबल-कॅब (दोन रांगा सीटची) पिकअप घ्यावी म्हणतो. ऑन-रोड २९ लाख, ६ लाख भरून बाकी कर्ज. शोरूमवाला म्हणतो, "साहेब, कारच आहे, मागे फक्त हौदा." व्यावसायिक पासिंग (नोंदणी) केलं तर टॅक्सही वाचेल म्हणतो. एसआयपी थोडे दिवस थांबवली तर जमेल का?

उत्तर : जमेल का विचाराल तर ओढूनताणून जमेल. पण घेऊ नका, निदान आत्ता तरी.

२३ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ३७,६०० रुपये बसतो. नुसतं व्याज साडेआठ लाखांच्या वर जातं. टेम्पोला तुम्ही वर्षभरात देता ३५ हजार. म्हणजे अख्ख्या वर्षाचं टेम्पोभाडं पिकअपच्या एका हप्त्यातच बसतं. उरलेले अकरा हप्ते तुम्ही ऑफिसला जाताना मागे रिकामा हौदा फिरवण्याचे भरणार. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मग ती शेतीच्या नावावर खपवू नका.

घराचा आणि गाडीचा हप्ता मिळून ८५ हजारांच्या पुढे, म्हणजे निम्मा पगार गेला. त्यात सात वर्षांचं कर्ज मुलीची बारावी, प्रवेश आणि पदवीची बरीचशी वर्षं व्यापून टाकतं. महिना २० हजारांच्या एसआयपीवर दहा टक्के परतावा गृहीत धरला, तर तेवढ्याच काळात सुमारे २४ लाख उभे राहतात. 'थोडे दिवस' थांबवलेली एसआयपी हप्ता चालू असताना पुन्हा सुरू होत नाही, हे आमच्या धंद्यात नेहमी दिसतं.

आता 'कारच आहे' याबद्दल. कारच्याच सांगाड्यावर बांधलेल्या पिकअप असतात, नाही असं नाही. होंडाची रिजलाइन, ह्युंदाईची सांता क्रूझ, फोर्डची मॅव्हरिक. पण त्या आपल्याकडे विकतच नाहीत. इथे मिळणारी इसुझू व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स लॅडर फ्रेमवरची, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बांधलेली आहे. पुढे बसलं की एसयूव्हीत बसल्यासारखं वाटतं, पण मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, मालाच्या वजनासाठी लावलेले. हौदा रिकामा असला की खड्ड्यात मागची बाजू उडते, आणि मागच्या सीटवर तुमच्या आई असणार. शिवाय लांबी ५.३ मीटरच्या आसपास. सोसायटीतली पार्किंगची जागा बहुधा पाच मीटरची असते. बोनेट खांबापाशी, तर मागची फळी येण्याजाण्याच्या वाटेवर, आणि शेजाऱ्यांशी रोजची हुज्जत.

टेस्ट ड्राइव्ह बाणेरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. गाडी घरी मागवा, तुमच्या जागेत लावून बघा, आणि आईंना मागे चढायला सांगा. जुलैत भाजीच्या पिशव्या कुठे ठेवणार, तेही बघा. हौदा उघडा असतो. ताडपत्री नाहीतर झाकण वेगळं घ्यावं लागतं.

पासिंगचं आमिष तुमच्या कामाचं नाही. मालवाहू वाहनावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, जीएसटी नोंदणी असलेल्या, करपात्र विक्री करणाऱ्या व्यावसायिकाला मिळतं. तुम्ही पगारदार, घसाराही (गाडीची झीज खर्च म्हणून) दाखवता येणार नाही. रस्ता कर कमी बसेल, पण पिवळी पाटी लागली की पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस तपासणी आणि नंतर दरवर्षी. खेड-शिवापूरला टोलही कारचा नाही, हलक्या मालवाहूचा. थर्ड पार्टी विम्याचं म्हणाल तर, २०२२ च्या दरपत्रकात भाड्याने माल वाहणाऱ्या साडेसात टनांपर्यंतच्या वाहनाला १६,०४९ रुपये होते, १५०० सीसीवरच्या खासगी कारला ७,८९७. आणि पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नोंदणीवर, दुसऱ्याचा माल भाड्याने नेलात, तर अपघातानंतर विमा कंपनी क्लेमला हरकत घेणारच.

त्यापेक्षा ११ लाखांच्या आतबाहेरची, आईंना चढायला सोपी अशी कार बघा. तेच ६ लाख भरा, ५ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी. हप्ता साडेदहा हजार. एसआयपी चालू राहते, छोटा हत्तीही चालू राहतो. टेम्पोवाला गोणी उतरवून देतो, हा फायदा तुम्ही हिशेबात धरलेलाच नाही.

उद्या नोकरी सोडून वेल्ह्याला रोपवाटिका काढलीत आणि आठवड्याला दोन फेऱ्या व्हायला लागल्या, तर गणित उलटं होईल. तेव्हाही २९ लाखांची डबल-कॅब नको. कामाची, दोन दारांची, जुनी मालवाहू पिकअप घ्या आणि ती धंद्याच्या नावावर नोंदवा.

बुकिंगचे पैसे भरून बसला असाल, तर पावतीमागच्या रद्द करण्याच्या अटी आजच वाचा. गाडी तुमच्या नावावर अलॉट झाल्यावर ते पैसे सोडवून घेणं जड जातं.